गुरुवारवाले आन् रविवारवाले

आमच्या मारुंजीत आता आभाळ कमी आन् बिल्डिंगा जास्त झाल्यात, पन माझ्या दारासमोरचा टावर बघितल्याबिगर अजून माझा दिवस उगवत न्हाई. सोळा मजले. ना गिलावा, ना खिडक्या, ना रंग. नुसता सिमेंटचा सांगाडा आन् वर गंजलेल्या सळया. त्या जागंत आमचं भाताचं खाचर व्हतं. गुडघाभर चिखलात मी तिथं आवनी केलीय. आता तिथं मान वर केली की मानंला रग लागती, तरी टोक दिसत न्हाई. मानसानं एवढं उंच कसं चढवलं आसंल, ह्याचं मला आजबी नवल वाटतं. आमचे मालक, बबनराव, म्हनतात, रोज काय बघती त्यात, पळून चाललाय का त्यो? मी म्हनते, बिल्डर पळाला, मंग टावरचा काय भरवसा?

टावरच्या गेटासमोर माझं किराण्याचं दुकान हाय. चहाबी ठेवते. त्यामुळं टावरात घर घेतलेलं हरेक मानूस माझ्या नजरंखालून गेलंय. ही मानसं दोन तऱ्हेची. गुरुवारवाली आन् रविवारवाली. भोसरी, पिंपरी, चाकणकडच्या कितीतरी कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असती. मंग कारखान्यातली मानसं आपलं घर कुठवर आलं ते बघायला गुरुवारी यायची, दोन-दोन बस बदलून, डबा घिऊन. माझ्याकडं चहा प्यायची, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची. आयटीवाले यायचे रविवारी, गाड्या घिऊन, आन् ती गाडी नेमकी माझ्या दुकानाच्या पायरीला लावनार. किती भांडले मी त्यांच्याशी! एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड ऱ्हानार व्हती ही मानसं, पन एकमेकांचं तोंड कुनी बघितलेलं नव्हतं.

गुरुवारवाल्यांत मला सगळ्यांत जवळची उत्कर्षा. लातूरकडची पोर. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लायनीवर सुपरवायझर. म्हाताऱ्या आईला घिऊन निगडीत भाड्याच्या खोलीत ऱ्हाती. तिशी उलटली तरी लगीन केलं न्हाई. इचारलं की म्हनायची, आधी दार माझं, मंग वरात. बिल्डरच्या मानसांनी तिच्या कंपनीच्या गेटाबाहेर तंबू टाकला व्हता, तिथंच हिनं घर बुक केलं. टावरातलं पहिलंवहिलं बुकिंग हिचं. तवा इथं नुसता खड्डा व्हता. खड्ड्याच्या काठाला उभं ऱ्हाऊन पोरीनं मला पेढा दिला, हवेत बोट केलं आन् म्हनली, 'मावशी, ते बघा माझं घर. आठवा मजला, आठशे तीन.' मी बघितलं तर तिथं एक घार फिरत व्हती. मला हसू आलं. पन पोरीच्या डोळ्यांत काय तेज व्हतं म्हनून सांगू! नसलेलं घर तिला दिसत व्हतं.

रविवारवाल्यांत निमिष म्हनून एक पोरगा. हिंजवडीत कामाला. त्यो आला सहावा स्लॅब पडल्यावर. संगं आई, चित्राताई, शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीनबाई. त्यांनी रिटायरमेंटचा सगळा पैसा पोराच्या घरात घातला, येवढं त्यांच्याच तोंडून कळलं व्हतं. घर कितव्या मजल्यावर, ते मी कधी इचारलं न्हाई. पायरीला गाडी लावनाऱ्याशी मी फार बोलत न्हाई.

आता कर्जाची गंमत ऐका. मला ती उत्कर्षानं तीन-तीनदा समजावली तवा कळली. बिल्डर म्हनाला, चावी हातात पडंस्तवर हप्ता आमी भरू. फायनान्स कंपनी म्हनाली, व्हय व्हय, काळजी नको. लोकांनी सह्या ठोकल्या. खरं तर जसजसा मजला चढंल तसतसं कर्ज द्यायचं. ह्यांनी काय केलं? निम्मा टावर उभा नसताना सगळे पैसे बिल्डरच्या पदरात टाकले. आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय! बिल्डरनं कसाबसा सांगाडा उभा केला आन् हात वर केले. हप्ते बंद. मंग फोन कुनाला? उत्कर्षाला. कर्ज तिच्या नावावर, आन् घर वाऱ्यावर. निगडीचं भाडंबी द्यायचं आन् ह्या भोकाचा हप्ताबी भरायचा.

त्यात बाजार बसला. आजूबाजूला इतक्या बिल्डिंगा झाल्या की घेनारं गिऱ्हाईक मिळंना. रस्त्याला पोरं छत्र्या लावून उभी, गाडी दिसली की आडवी पडायची, साहेब, सॅम्पल फ्लॅट तर बघून जा. कुनी एसी फुकट देतंय, कुनी सोन्याचं नानं. दिवेलागनीला बघावं तर येवढ्या थोरल्या बिल्डिंगंत चार ठिकानी उजेड. मला तर धडकीच भरायची, एवढी घरं बांधली ती कुनासाठी? आमच्याबी वाट्याची घरं जमिनीच्या बदल्यात ह्याच सांगाड्यात अडाकलीत. पन आमचं दोन वेळचं चाललंय. उत्कर्षाचं तसं नव्हतं. हे घर गेलं तर तिला दुसरं व्हनार नव्हतं, हे तिला ठावं व्हतं आन् मलाबी.

मंग फायनान्स कंपनीचा साहेब यायला लागला. रणजीत त्याचं नाव. इस्त्रीचा सदरा, बोलनं लोन्यावानी. म्हनायचा, एक नवा बिल्डर टावर घ्यायला तयार हाय, पन त्याला मोकळा पायजे. तुमी सगळ्यांनी आपला हक्क सोडल्याची सही करा. आजच्या पडत्या भावानं जे काय निघंल ते तुमच्या कर्जात वळतं करू, बाकीचं कर्ज तुमी फेडा. म्हंजे घर न्हाई आन् हप्ता मातर हाय! तीनातल्या दोघांनी सह्या केल्या की उरलेल्या एकाचं काय चालत न्हाई, असंबी त्यो सांगायचा. टावरच्या खाली सॅम्पल फ्लॅट व्हता, त्यात बैठका घ्यायचा. एक गुरुवारी, एक रविवारी. मानसांची सोय बघतो म्हनायचा.

उत्कर्षा एका गुरुवारी बैठकीतून बाहेर आली ती पायरीवर मटकन बसली. मी चहा दिला, तर त्यावर साय धरली तरी हात लावंना. म्हनली, रविवारच्या सगळ्यांनी सह्या केल्यात म्हणे, त्यांना काय, त्यांच्याकडे पैसा आहे. आम्ही नाही म्हणून काय उपयोग? मी त्या गाडीवाल्यांच्या नावानं बोटं मोडली. त्यांच्या पायी माझ्या पोरीचं घर जानार, ह्याचा मला येवढा राग आला की पुढच्या रविवारी मी पायरीवर पान्याच्या दोन बादल्या ओतून ठेवल्या.

भादव्यात मातर एक गोष्ट घडली. विजेच्या लायनीचं काम निघालं म्हनून उत्कर्षाच्या कंपनीनं त्या आठवड्याची गुरुवारची सुट्टी रविवारी दिली. पोर रविवारी आली. येवढ्या वर्षांत पहिल्यांदा. समोर गाड्यांची रांग बघून बावरली आन् मला म्हनली, मावशी, सोबत चला. मी दुकान मालकांच्या गळ्यात टाकलं आन् गेले. सॅम्पल फ्लॅटात मी कधी पाय ठेवला नव्हता. आगाई गं! बाहेर सांगाडा आन् आत राजवाडा. टेबलावर सफरचंदं, हात लावून बघितलं तर प्लॅस्टिकची.

आमी मागं उभ्या ऱ्हायलो. रणजीत साहेब लोन्यावानी बोलत व्हता. गुरुवारच्या सगळ्या लोकांनी सह्या दिल्यात, कामगार मानसं, त्यांना निकड असती, आता तुमीच अडून बसलाय. तवा उत्कर्षा पुढं झाली. लायनीवर जसं मशीनच्या आवाजात बोलावं लागतं, तसं खणखणीत बोलली.

'मी गुरुवारची आहे. आमच्यातल्या एकानेही सही केलेली नाही. आम्हाला सांगितलं, तुम्ही सगळ्यांनी केल्यात.'

सगळे वळून तिच्याकडं बघायला लागले. चित्राताई उठल्या आन् म्हनल्या, आमच्यातही कोणी केलेली नाही. रणजीत साहेबाला तेवढ्यात कुनाचा तरी फोन आला आन् त्यो बाहेर गेला, त्यो परत आलाच न्हाई. मी तर आवाकच झाले. नुसत्या एका वाराच्या जिवावर ही मानसं सोळा मजले गिळायला निघाली व्हती! ना दरोडा, ना मारामारी. गुरुवारची मानसं रविवारी मोकळी नसत्यात, येवढंच त्यांनी हेरलं व्हतं.

त्या दिवशी बैठक कुनी मोडली न्हाई. ठरलं ते असं. पुढच्या पंधरवड्यात एका बुधवारी रणजीत साहेब नव्या बिल्डरला टावर दाखवायला आननार व्हता, रिकामा, मोकळा टावर. त्या दिवशी सगळ्यांनी रजा काढायची आन् ज्यानं त्यानं आपापल्या घरात जाऊन उभं ऱ्हायचं. आजवर कुनाला वर सोडलेलंच नव्हतं, डोक्यावर काय पडंल म्हनून बिल्डर खालूनच परत पाठवायचा. मी मनात म्हनलं, नुसत्या गप्पा. कारखान्यातल्याची हजेरी बुडती आन् आयटीवाल्याला साहेब सोडत न्हाई. पंचवीस मानसं आली तरी पुष्कळ.

बुधवारी सकाळी मी दुकानाची फळी उघडली आन् हातातला झाडू तसाच ऱ्हायला. मानसं येत व्हती. मारुंजीच्या रस्त्यानं जिथवर नजर जाईल तिथवर मानसं. कंपनीच्या युनिफॉर्मातली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, नातवंडं कडंवर घेतलेली. गेटावरच्या वॉचमनचा पगार बिल्डरनं कवाच थकवलेला, त्यानं सोताच्या हातानं गेट सताड उघडलं. कुनी चटया आनलेल्या, कुनी तांब्याचा कलश. एका म्हाताऱ्या सासूला चौघांनी खुर्चीत बसवून उचललं आन् जिना चढायला लागले. बघता बघता एकेक मजला भरत गेला. जिथं सहा वर्षं पारवे घुमत व्हते तिथं मानसांचे चेहरे दिसाय लागले, पार वरपातूर. कुनी दारं नसलेल्या चौकटीला तोरन बांधत व्हतं. कठडे नव्हते, म्हनून लेकरांना मागं धरून बायका उभ्या व्हत्या आन् खालच्या, वरच्या मजल्यावरल्यांना हात करत व्हत्या. मी रस्त्याच्या मधोमध उभी, डोळ्यांतून पानी. मी मालकांना म्हनलं, आवं, आपल्या खाचरात केवढं हे गाव उगवलंय! मालकांनी डोक्यावरची टोपी काढली.

उत्कर्षा आईला घिऊन उशिरा आली, बस मिळाली नव्हती. म्हातारीची पिशवी मी घेतली आन् म्हनलं, चल, मीबी येते. गुडघे बोंबलत व्हते, पन मी चढले. दर मजल्याला दम खायला थांबायचं आन् बघायचं, कुनी नारळ फोडतंय, कुनी रांगोळी काढतंय कच्च्या सिमेंटवर. आठव्या मजल्यावर पोचलो. उत्कर्षानं भिंतीवर खडूनं लिहिलेला नंबर बघितला, आठशे तीन, आन् उंबऱ्याच्या जागंला हात लावून तो कपाळाला लावला. आत गेलो, तर चटई टाकून निमिष आन् चित्राताई बसलेले.

उत्कर्षा हसून म्हनली, घर चुकलं तुमचं, हे आठशे तीन आहे. निमिष म्हनाला, हो, आठशे तीनच. आमचंच. मंग दोघांचं हसू एकदमच गेलं. त्यानं आपली फाइल दाखवली, हिनं पिशवीतून आपले कागद काढले. दोन्हीवर आठशे तीन. उत्कर्षाची आई भिंतीला टेकून खाली बसली आन् म्हनली, मी उठणार नाही. मी काय बोलनार तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. मंग खालून. मंग शेजारून. ज्या-त्या घरात दोन-दोन कुटुंबं समोरासमोर उभी व्हती. एक गुरुवारचं, एक रविवारचं.

तवा मला कळलं. एकच घर गुरुवारवाल्याला इकलं, तेच रविवारवाल्याला इकलं. ही दोघं आयुष्यात एकमेकांसमोर यायची न्हाईत, ह्या भरवशावर! आन् दोघांनाबी कर्ज दिलं एकाच कंपनीनं. तिला ठावं नसंल? एकाच घराचे दोन-दोन कागद तिच्याच कपाटात. कुंपनानंच शेत खाल्लं. आन् म्हनून मोकळा टावर पायजे व्हता, सह्या घिऊन सगळं गपचूप पुसून टाकायला. मी लबाड मानसं लई बघितली, जमिनीच्या धंद्यात तर पायलीला पन्नास. पन लबाडी एवढी उंच बांधता येती, हे मी त्या दिवशी बघितलं आन् खरंच तोंडात बोट घातलं.

रणजीत साहेब नव्या बिल्डरला घिऊन आला तवा टावरात कल्लोळ माजला व्हता. बिल्डर खालीच ऱ्हायला. साहेब जिना चढला आन् आठव्या मजल्यावर त्याला दम लागला, म्हनून आमच्याच दारात थांबला. आतली दोन कुटुंबं बघितली आन् क्षनभर गडबडला. पन मुरलेला मानूस. घाम पुसला आन् परत लोनी लावलं. म्हनला, यात अवघड काय आहे? ज्याचा करार आधी झाला, घर त्याचं. तारीख दाखवा, नव्या बिल्डरकडून मी आत्ता, इथं लिहून देतो. दुसऱ्यानं फक्त सेटलमेंटवर सही करायची. असंच सगळ्या घरांत करू.

वरची मानसं पायऱ्या उतरून आली, खालची चढून आली. जे आठशे तीनमध्ये व्हईल तेच पुढं व्हनार, हे सगळ्यांना कळलं व्हतं. पहिली कोन, हे मला ठावं व्हतं. पहिल्या बुकिंगचा पेढा मी खाल्ला व्हता. नुसतं तोंड उघडायचं काम, आन् पोरीचं घर पोरीला. मी म्हनायला गेलेच, 'साहेब, हिची—'

उत्कर्षानं माझं मनगट धरलं. येवढं घट्ट की बांगडी रुतली. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती त्या भिंतीकडं बघत व्हती, बिनखिडकीच्या चौकोनाकडं, त्यातून दिसनाऱ्या आभाळाकडं. बघत ऱ्हायली, बघत ऱ्हायली. मंग तिनं हातातले कागद पिशवीत घातले आन् पिशवीची चेन लावली.

'मी तारीख सांगणार नाही.'

साहेब म्हनला, 'मॅडम, विचार करा. तुमचंच घर जाईल.'

'प्रत्येक घरातला एक जण आज सही करेल, आणि उद्या तुम्ही उरलेल्यांना म्हणाल, बाकीच्यांनी केल्यात. सही करायला खाली कोणी जाणार नाही. हाही नाही आणि मीही नाही.'

निमिष तिच्याकडं बघत ऱ्हायला. पोरगं तसं मऊ, पन त्यानं आपली फाइल मिटली, काखंत धरली आन् म्हनलं, मीही नाही सांगणार. दारातून कुनीतरी वरच्यांना ओरडून सांगितलं, 'तारीख कोणी सांगायची नाही!' वरच्यांनी त्याच्या वर सांगितलं, खालच्यांनी त्याच्या खाली. त्यो आवाज मजल्यामजल्यानं सोळाव्यापातूर चढत गेला आन् तळापातूर उतरत गेला. मी ऐकत उभी व्हते. भिंतींना गिलावा न्हाई, दारं न्हाईत, आवाज अडवनारं काहीच नव्हतं. गाव करी ते राव न करी, हे लहानपनापासून ऐकलेलं, पन ते असं घुमताना कधी ऐकलं नव्हतं. मला माझ्या गुडघ्यांचाबी इसर पडला.

साहेब आणखी दोन घरांत जाऊन बघून आला. कुनी तारीख सांगंना. खाली नवा बिल्डर मान वर करून सगळ्या टावराकडं बघत व्हता. त्यो गाडीत बसला आन् गाडी वळवून गेला.

ऊन कलल्यावर मानसं उतराय लागली. म्हातारीला धरून उत्कर्षा पुढं, मी मागं. पाचव्या मजल्याच्या वळनावर ती थांबली. हळूच म्हनली, 'मावशी, मी माझं घर घालवलं का हो?'

काय सांगनार? खोटं बोलायला माझी जीभ कधी अडत न्हाई, गिऱ्हाइकाला तर मी रोज फसवते. पन त्या पोरीपुढं ते जमंना. म्हनलं, 'ठावं न्हाई, पोरी.'

आमच्या मागून चित्राताई उतरत व्हत्या. त्यांच्या कानावर गेलं. पहिली तारीख कुनाची, हे त्या एका प्रश्नावरून त्यांना कळलं, चेहऱ्यावर सरळ दिसलं मला. त्या जिन्यातच थांबल्या. त्यांच्या पोराचं घर नव्हतंच, कधीच नव्हतं, आन् समोरच्या पोरीनं ते तोंडातून काढलं नव्हतं. मी म्हनलं, आता ही बाई रडनार. पन त्या पुढं आल्या, उत्कर्षाच्या आईचा दुसरा हात आपल्या हातात घेतला आन् म्हनल्या, 'गुरुवारी किती वाजता येता तुम्ही? आम्हीही येऊ.'